कपाटाखालची फरशी

कुणाकडे चहाला गेलो की मी आधी खाली बघतो. घरच्या बाईंना वाटतं, मिस्त्री लाजाळू आहेत. लाज कसली डोंबलाची! मी सांधे बघत असतो. चप्पल काढून पाऊल आत टाकलं की टाचेला कळतं, कुठे खाली माल भरलाय आणि कुठे नुसती हवा आहे. एकोणचाळीस वर्षं सोलापुरात फरश्या बसवल्या. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून काम बंद केलं, पण टाचेची सवय काही गेली नाही. परवा व्याह्यांच्या नव्या घरी देवघरापुढे उभा राहून हात जोडले आणि तोंडातून निघालं, "ही पोकळ आहे." बायकोनं असं बघितलं की पुढचा अर्धा तास मी गप्प बसलो.

माझं नाव मल्लिनाथ. आमचं मूळ दुधनीकडचं. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि साइटवर कुणी लेव्हल बिघडवली की दोन्ही एकदम. लोक मला मिस्त्रीच म्हणतात.

धंद्यातली एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. फरशी खालच्या मालावर, म्हणजे वाळू-सिमेंटच्या ओल्या थरावर, सगळीकडून टेकली पाहिजे. कुठे पोकळी राहिली तर वरून काही दिसत नाही. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं की मात्र भरीव फरशी 'टक्' बोलते आणि पोकळ असली तर 'डब्ब'. डब्ब वाजली की ती उचलायची, खालचं खरवडायचं, नवा माल घालून परत बसवायची. असा नियम आहे. पण शेवटच्या दिवशी माल संपत आलेला असतो, कंबर धरलेली असते, वास्तुशांतीची पत्रिका छापून झालेली असते, आणि नेमकी तेव्हाच एखादी डब्ब वाजते. म्हणून जुना मिस्त्री काम सुरू करायच्या आधीच सहज विचारल्यासारखं विचारून ठेवतो, "ताई, कपाट कुठं येणार?" ताई कौतुकानं कोपरा दाखवतात. किती बारीक विचार करतात मिस्त्री! तो कोपरा आम्ही शेवटी घेतो. सोलापुरातल्या पुष्कळ घरांत अशी एक फरशी कपाटाखाली असेल. माझ्या हातच्या किती, ते विचारू नका.

शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवंच काम यायला लागलं, ते म्हणजे मोटरसायकलच्या खोल्यांचं. घराच्या बाजूला शटरची एक खोली काढायची, त्यात गाड्या ठेवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बर्मुडा घालून पाने-पेचकस घेऊन बसायचं, ही हौस आपल्याकडेही आली. असल्या खोलीला फरशी कुठली घालावी, हे लोक फोनवर बघून ठरवतात आणि मग मला बोलावतात. म्हणजे लग्न जमवून झाल्यावर पत्रिका बघायला बोलावल्यातली गत.

एक हाडांचे डॉक्टर होते. तीन मोठ्या गाड्या. त्यांना खोली शोरूमसारखी पाहिजे होती, पांढरीशुभ्र, चकचकीत. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गाडी म्हटलं की तेल सांडणार, आणि ह्या टाइलवर तेल पडलं की पाय ठरत नाही. शिवाय साइड स्टँडचं टोक केवढं, गाडीचं वजन केवढं! सगळा भार एका बोटावर येतो, टाइल टिचणार." ते हसले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फरशी बसवा, गाड्यांचं मी बघतो." बसवली. दोन महिन्यांनी भेटले तर मनगट प्लास्टरमध्ये. स्वतःचं हाड स्वतःच्याच दवाखान्यात बांधून घेतलं होतं. त्यांनीच विचारलं, "टिचलेल्या दोन बदलून मिळतील का?"

दुसरी चूक माझी. वैरागचे एक आडत व्यापारी, शौकीन माणूस. त्यांना गाडी धुवायला खोलीत भरपूर ढाळ पाहिजे होता, पाणी थांबायला नको. घरातल्या मोरीला चालतो तेवढा ढाळ त्या खोलीला जास्त होतो, हे मला ठाऊक होतं. पण माणूस मोठा, आग्रह मोठा, आणि जेवणही झकास घातलेलं. दिला ढाळ काढून. तिसऱ्या दिवशी फोन आला. साइड स्टँडवरची गाडी आपणहून निघाली आणि समोरच्या ज्वारीच्या थप्पीत जाऊन घुसली. पोत्यांनी अडवली म्हणून टाकी वाचली. ती फरशी मी माझ्या खर्चानं उखडली.

आणि तो मे महिना! एका पोरानं कोब्यावर, म्हणजे साध्या सिमेंटच्या जमिनीवर, इपॉक्सीचा रंग चढवून घेतला. दिसायला सुरेख, तेल पुसलं की गेलं. पण खालची ओल पुरती वाळायच्या आधीच रंग दिला, आणि मेच्या दुपारी तापलेल्या टायरांची गाडी त्यावर उभी केली. संध्याकाळी गाडी हलवली तर टायरच्या मापाचा रंग टायरबरोबर निघाला. त्यात आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. खाली मुरूम नीट दाबून भरला नसेल तर वर सोनं घाला, तडा जाणार म्हणजे जाणार.

एवढ्या फजित्या बघितल्यावर मी स्वतःला या कामातला शहाणा समजायला लागलो. गाडीच्या खोलीला खडबडीतच फरशी पाहिजे, हे माझं ठरून गेलं. नेमके तेव्हा अंबादासरावांनी मला बोलावलं.

अंबादासराव शहराच्या पूर्व भागात राहतात. घर तेलुगू, विणकरांचं, पण ते स्वतः मागावर बसले नाहीत. सूतगिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडेपर्यंत. पहिल्या काही पगारांतून घेतलेली एक जुनी मोटरसायकल त्यांनी जपून ठेवली होती, आणि गिरणी सुटल्यावर घराशेजारच्या दहा बाय चौदाच्या खोलीत तिचं आणि गल्लीतल्या इतरांच्या गाड्यांचं काम करत बसायचे. पैशासाठी नाही. हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे.

मी गेलो तेव्हा त्यांच्या कपाळावर पाच टाके होते. आधीचा कोबा भेगाळलेला, त्यात तेल मुरलेलं, त्यावरून पाय घसरला होता. पण खरी गोष्ट त्यांच्या बायकोनं, पद्मावतीवैनींनी सांगितली. अंबादासरावांना काचबिंदू होता. नजर कडेकडेनं बंद होत चालली होती. समोरचं दिसायचं तेवढंच, नळीतून बघावं तसं. पायाजवळचं काहीच नाही. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचा मुलगा श्रीनिवास पुण्याला कंपनीत. त्यानं बजावलं होतं, "नाना, आता एकदा जरी पडलात तर गाडी भंगारात आणि खोली भाड्यानं."

"पोरगं वाईट न्हाई हो भाऊ," वैनी म्हणाल्या. "भितंय. पण ह्यांचं हात बांधून ठिवलं तर हे जगतील का, सांगा की."

मी छाती पुढे काढून सांगितलं, "वैनी, काळजी सोडा. असली फरशी घालतो, तेल ओतून त्यावर नाचले तरी पडणार नाहीत."

आणि घातली. सिमेंटची जाड चेकर्ड टाइल, जिच्यावर चौकोनी उंचवटे असतात, रस्त्याकडेच्या पायवाटेला घालतात ती. काम चालू असताना अंबादासराव दारात स्टूल टाकून बसायचे. एकदा त्यांनी एक टाइल मांडीवर घेतली, तिच्या खाचांतून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मिस्त्री, ह्याच्यात बारीक सामान अडकंल का?"

मी म्हटलं, "सामान खाली पाडायचंच कशाला?"

त्यांनी टाइल उचलून माझ्या हातात परत दिली. माझ्या आयुष्यात मी बरीच उद्धट उत्तरं दिली आहेत, बहुतेक माणसं त्या लायकीची होती. हे एक मात्र अजून टोचतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतही गेली. त्या भागात दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हटलं आपलं काम बघून यावं. खरं तर कौतुक ऐकायला गेलो होतो. वैनींनी शटर वर केलं. फरशी झकास होती, एकही टाइल हललेली नाही, एकही टिचलेली नाही. इतकी स्वच्छ, की मला संशय यायला पाहिजे होता. गाडीवर चादर घातलेली. कामाच्या बाकावर पाने ओळीनं मांडलेले आणि त्यांवर धूळ.

"बसत न्हाईत आता," वैनी म्हणाल्या. "तुमची फरशी लई भारी हाय भाऊ. पण त्यांचं सामान खाती."

अंबादासराव आतून आले. त्यांनी मला दोष दिला नाही, नुसतं करून दाखवलं. बाकावरच्या डबीतून एक बारीक वॉशर घेतला आणि बोटांतून सोडला. शेजारच्या घरात यंत्रमाग खटखटत होते. वॉशर पडला आणि कुठे गेला ते कानाला कळलं नाही. आवाजच आला नाही, त्या खडबडीत सिमेंटनं तो गिळून टाकला. मग ते गुडघ्यांवर बसले आणि एकेका खाचेतून बोटं फिरवायला लागले. मी बघत उभा होतो. मला तो वॉशर दिसत होता, त्यांच्या उजव्या हातापासून वीतभर लांब. बोटांची टोकं खरचटून पांढरी झाली होती. शेवटी मीच वाकून उचलून दिला.

"एक वॉशर शोधायला अर्धा तास," ते म्हणाले. "कार्बोरेटर उघडला तर त्यात असल्या पंधरा वस्तू. पडलो न्हाई बगा, सहा महिन्यांत एकदाबी न्हाई. कामच न्हाई केलं तर पडतंय कोण?"

आणि पोरानं आता साधा हिशेब मांडला होता: नाना बसतच नाहीत तर खोली अडवून ठेवायची कशाला? गुढीपाडव्यापासून भाडेकरू येणार होते, आणि गाडी भंगारवाल्याला सांगून झाली होती.

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, "येनायतु?" म्हणजे काय झालं. मी म्हटलं, "एका माणसाचं काम बंद पाडून आलोय." एकोणचाळीस वर्षं मी फरशी पायांसाठी बसवत होतो. त्या माणसाला ती हातांसाठी आणि कानांसाठी पाहिजे होती. त्यानं मला सांगितलंही होतं, आणि मी त्याला शहाणपण शिकवलं होतं.

चार दिवसांनी त्यांना घेऊन फरशीच्या वखारीत गेलो. मनात शहाबादी होती. आपल्या शेजारचाच दगड, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पायाखालचा, पण लोकांनी टाइलच्या नादात तिला परसात घालवली. वखारवाल्यानं रंग दाखवायला सुरुवात केली, ही निळसर, ही पिवळसर. अंबादासरावांनी खिशातून एक नट काढला. पहिल्या फरशीवर टाकला. मान तिरकी केली. पुढच्या फरशीवर टाकला. असं करत ते अख्खी रांग चालत गेले. वखारवाला माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा, हे फरशी घेतायत का देवळाची घंटा?"

मधेच एका फरशीपाशी थांबून ते म्हणाले, "ही नको. फुटकी हाय."

"ओ मामा, कुठं फुटलीय? डोळ्यांनी बघा की जरा!" वखारवाला बोलून गेला आणि माझा चेहरा बघून त्यानं पाण्याची बादली पुढे सरकवली. मी बादलीतलं पाणी त्या फरशीवर ओतलं, हातानं पुसलं. फरशी वाळायला लागली तसा मधोमध एक केसासारखा ओला धागा उरला. तडा होता. माझ्या डोळ्यांना न दिसलेला तडा त्या माणसानं नट टाकून सांगितला होता.

"गिरणीत सूत कातायच्या चात्या शेकड्यानं फिरायच्या," ते परत येताना म्हणाले. "त्यात एखादा बोल्ट सैल झाला तर आवाजातच कळायचा. साहेब इचारायचा, कसं वळखलं? मी म्हणायचो, बाकीचे गप बसतात की त्या वक्ताला." मला हे लगेच समजलं. मीसुद्धा जन्मभर ठोकून ऐकतच आलोय. फक्त दुसऱ्या कुणाला आपल्याइतकं ऐकू येत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग मी माझी ती झकास फरशी स्वतः फोडली. सगळी नाही. शटरकडचा तीन फुटांचा पट्टा तसाच ठेवला. तेल बदलायचं, गाडी पुसायची, ती तिथेच. "तेल तिकडं, सामान हिकडं," असा नियम ठरवून घेतला आणि वैनींना साक्षीदार केलं. आतल्या बाजूला शहाबादी, पिवळसर, मशीननं न घासलेली. नैसर्गिक पोत तेवढाच ठेवला, म्हणजे पाय धरून राहतो आणि बोटं सोलत नाहीत. सांधे काठोकाठ भरले, नखसुद्धा अडकू नये असे. ढाळ शटरकडच्या पट्ट्यातच, आत सपाट. वैनींना दहादा बजावलं की डाग पडले तर पडू देत, अॅसिड लावायचं नाही. शहाबादी चुन्याच्या जातीची, अॅसिड तिला खातं. आणि प्रत्येक फरशी बसली की अंबादासराव तिच्यावर नट टाकायचे, मी दांडा ठोकायचो. दोघांचं जमलं तर पुढची.

ते माझं शेवटचं काम, असं मी ठरवलंच होतं. डावा गुडघा दिवसातून दोनदा अडकून बसत होता. पाडव्याला आठ दिवस राहिले होते. त्याआधी खोली वापरती झाली नाही तर भाडेकरू आलेच. शेवटच्या दिवशी एकच फरशी उरली, भिंतीकडची. त्या दुपारी अंबादासराव डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. ऊन मार्चचं असलं तरी पत्र्याखाली मे महिनाच. मी माल पसरला, आणि गुडघा अडकला. अय्यो शिवा! दहा मिनिटं तिथेच भिंतीला टेकून बसलो. उठलो तेव्हा माल ताठरला होता. वर पाण्यात कालवलेलं सिमेंट ओतलं, फरशी ठेवली, ठोकली.

डब्ब.

उचलायची म्हणजे पुन्हा खाली बसायचं, पुन्हा माल कालवायचा. मी खोलीभर नजर फिरवली. बाक त्याच भिंतीला लागणार होता. चांगला चार फुटी लोखंडी बाक, शंभर किलोंचा. तो मी आणि माझ्या बिगाऱ्यानं उचलला आणि त्या फरशीवर नेऊन ठेवला. कपाट कुठं येणार, हे या वेळी विचारायची गरजसुद्धा पडली नाही. अंबादासराव परत आल्यावर खोलीभर नट टाकत फिरले, खूश झाले. "बाकाखालची?" त्यांनी विचारलं. "झाली," मी म्हटलं. खोटं नव्हतं, झालीच होती.

पाडव्याला त्यांनी जेवायला बोलावलं. श्रीनिवास पुण्याहून आला होता. उंच, गप्प, कपाळाला आठी. दोघं घरात तेलुगूत बोलतात, माझ्यासाठी मराठीत आले. तो दारात उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही खर्च केलात, मेहनत केलीत, पण यांना दिसत नाही हो. उद्या काय झालं तर मी पुण्यात."

अंबादासराव गाडीचा कार्बोरेटर उघडून बसले. शेजारचे माग त्या दिवशी बंद होते, पण समोरच्या घरात रेडिओ जोरात लागलेला. बोटांतून त्यातला बारीक पितळी जेट निसटला, टण्‌ण् करून वाजला. त्यांनी मान किंचित वळवली, हात लांब केला आणि उचलला. चाचपणं नाही, शोधणं नाही. थोड्या वेळानं एक स्प्रिंग उडाली. तीही तशीच. माझं लक्ष मात्र बाकाखाली. म्हटलं, देवा, तिथे काही पडू नको देऊ.

श्रीनिवास पुढे आला. त्यानं डबीतून काहीतरी उचललं, वडिलांच्या पाठीमागे गेला आणि हळूच शटरच्या दिशेनं टाकलं. लहानपणी पोरं वडिलांची परीक्षा घेतात तसं. अंबादासराव वळलेसुद्धा नाहीत.

"वॉशर," ते म्हणाले. "तांब्याचा, प्लगचा. शाबादीवर पडला, तितनं घरंगळला, अन् तुझ्या बुटाला थटला."

श्रीनिवासनं खाली बघितलं. वॉशर बुटाशीच होता. त्यानं वाकून तो उचलला. मग वॉशर वडिलांच्या तळहातावर ठेवला आणि बाहेर जाऊन खोलीच्या दलालाला फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नाही, खोली आता देता येणार नाही. सॉरी. आणि त्या भंगारवाल्यालाही सांगा." वैनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. पण पुरणपोळी खाताना तो बाक डोळ्यांपुढून हलेना.

गेल्या महिन्यात खंडेनवमीला त्यांचा निरोप आला. हत्यारांची पूजा आहे, या. मध्ये सहा महिने मी गेलो नव्हतो. गुडघ्याचं निमित्त होतं. खरं कारण बाकाखाली होतं. गेलो. उजवा डोळा आता पूर्ण गेला होता, डाव्याला उजेड तेवढा कळत होता. पण गाडी उभी होती, जोडलेली, पुसलेली, झेंडूचा हार घातलेली. खालच्या चादरीवर पाने मापानं मांडलेले. बारीक मापाचा डाव्या टोकाला.

आणि बाक तिथे नव्हता. दोन हात उजवीकडे सरकवलेला होता. माझी ती फरशी उघड्यावर, बाकाच्या डाव्या कडेला लागून.

अंबादासराव मला बघून, म्हणजे माझी पावलं ऐकून, उठले. दोन पावलं टाकली. त्यांची टाच त्या फरशीवर पडली. डब्ब. ते तिथेच थांबले आणि हात पुढे केला, तो नेमका बाकाच्या कडेवर पडला.

"मिस्त्री, एक पोकळ हाय," ते म्हणाले.

सांगता आलं असतं, तुमच्यासाठी मुद्दाम ठेवली म्हणून. लोकांनी कौतुकही केलं असतं. पण त्या माणसापुढे जीभ रेटेना. "चुकून नाही राहिली, अंबादासराव," मी म्हटलं. "मला माहीत होती. बाकाखाली लपवली होती. आज बिगारी पाठवतो, उचलून नवी—"

"हात लावू नका तिला!" ते एवढ्या जोरात म्हणाले की वैनी दारात आल्या. मग त्यांना हसू आलं. "पाडव्यानंतर पंधरा दिसांत गावली मला. पाना पडला बाकाखाली. श्रीनिवास आला तवा त्याच्याकडनं बाक सरकून घेतला. हिच्यावर पाय पडला की मला कळतंय बाक आला, थांबायचं. बाकी समदी खोली एकसारखी बोलती हो, ही एकच येगळी. हिच्यावरनं मी डावं-उजवं धरतो." आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुमी लपवली आंधळ्यापासनं, अन् गावली बी आंधळ्यालाच!"

वैनींनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसलो नाही.

पूजा सुरू झाली. त्यांनी पान्यांना एकेक करून हळदकुंकू लावलं, हातोडीला लावलं, गाडीच्या हँडलला लावलं. नारळ फोडायचा बाकी होता. तेवढ्यात ते पुन्हा उठले, दोन पावलं गेले, टाचेनं ती फरशी वाजवून घेतली आणि खाली वाकून तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"हत्यारच हाय की ही," ते म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात दिला.